बसायचं काम

पल्लवीनं रांगेत उभ्या उभ्याच डबा संपवला आणि हात एप्रनला पुसले. पुढं, नव्या नोटीस बोर्डाखाली, हर्षालीताई फिरत्या खुर्चीत बसून एकेकीची सही घेत होती. कामावर इजा झाली तर कामगाराला भरपाईचा काय हक्क आहे, ते प्रत्येकीनं वाचून सही करायची, असा सातपूरच्या त्या कारखान्यात वरून आदेश आला होता. वाचत कोणीच नव्हतं. बायका सही करत आणि पंख्याखाली जरा रेंगाळून पुढं सरकत.

पंखासुद्धा तिच्याच डोक्यावर, पल्लवीच्या मनात आलं.

प्रेसवर दोन बोटं गेल्यापासून, म्हणजे वर्षभर, ताईला हे बसायचं काम आणि कायम सकाळची शिफ्ट होती. लेकीला शाळेतून स्वतः आणायची. पल्लवीची वेदिका अडीच वर्षांची. आईची दुपारपाळी असली की ती शेजारणीकडंच झोपून जाई, आणि हल्ली झोपेत शेजारणीलाच आई म्हणू लागली होती. बसायचं काम पल्लवीनंही मागून पाहिलं होतं. खुर्ची एकच आहे, सुपरवायझर म्हणाला होता. त्यानंतर एकदा प्रेसखाली पत्रा सरकवताना तिनं स्वतःच्या करंगळीकडं जरा जास्तच वेळ पाहिलं होतं.

मागून साधना कुजबुजली, की राणीसरकारांना मुजरा करून मगच सही करायची. पल्लवी हसली, गरजेपेक्षा मोठ्यानं.

तिचा नंबर आला. ताईनं डाव्या हातानं वही पुढं केली.

"वाच आधी."

"तुम्हीच सांगा ना ताई. तुम्हाला तर भरपाईबी मिळाली असंल, वर खुर्ची."

"नाय मिळाली." ताईचा आवाज नेहमीसारखाच होता. "बटणाला टेप होती."

पल्लवीचं पेन कागदावर टेकलं ते तिथंच राहिलं. दोन हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस खाली येते. टार्गेट गाठायला बायका एका बटणावर टेप लावून ठेवत, आणि शिफ्ट संपताना आठवणीनं काढत. त्या दिवशी टेप निघाली नव्हती. ताईनं एक बटण दाबलं, तेव्हा तिचा दुसरा हात अजून आतच होता. टेप तिनंच लावली, असं कंपनीनं लिहून टाकलं आणि भरपाई नाकारली. हे आजवर कारखान्यात कोणाला कळलं नव्हतं.

"मग खरं सांगायचं होतं," पल्लवी कशीबशी म्हणाली.

"आधीची शिफ्ट कोणाची, ते निघालं असतं." ताईनं वही सरळ केली. मग हळूच विचारलं, "पोरीला ताप होता म्हणून तू पळत गेली होतीस. उतरला होता का गं लगेच?"

पल्लवीनं मान हलवली. किती वेळ ती एक सही, म्हणून साधनानं मागून ढोसलं. पल्लवीनं पेन खाली ठेवलं. बोर्डाजवळ जाऊन ती पहिल्या ओळीपासून, ओठ हलवत, वाचू लागली. दावा दोन वर्षांच्या आत करता येतो, असं खाली लिहिलं होतं. ती ओळ तिनं दोनदा वाचली.

"अर्ज करा, ताई," ती बोर्डाकडं पाहतच म्हणाली. "शिफ्ट कोणाची होती, ते मी लिहून देते."