तबकडीतले तात्या

सोमनाथनं ग्रामोफोनची तबकडी जपून प्लेअरवर ठेवली. माऊलीबुवांच्या कीर्तनाची ही तबकडी त्यानं कैक वर्षं हुडकली आणि शेवटी पिशोर गावच्या कडुबा लाऊडस्पीकरवाल्याच्या माळ्यावरून मिळवली. कीर्तन बुवांचं, पण मागं अभंगाचं ध्रुपद धरणाऱ्या टाळकऱ्यांत त्याचे वडील तात्यासाहेब होते. तात्या गेले तेव्हा सोमनाथ पाळण्यात होता. कडुबाकडं तबकडी स्वच्छ वाजली होती, पण त्या आवाजांतला बाप कोणता, ते काही त्याला उमगलं नव्हतं.

गारखेड्यातल्या फ्लॅटमध्ये त्याची आई साळूबाई डोक्यावर पदर घेऊन खाली बसली होती. कीर्तनाला कुणी खुर्चीत बसतं का?

सुई टेकली आणि नुसती खरखर! वाळूत फावडं ओढावं तशी.

त्यानं झटक्यात सुई उचलली. "संपलं. आणताना घासली वाटतं."

"अहो, आधी बघा तरी," त्याची बायको सुरेखा म्हणाली.

सुईच्या टोकाला काळी गुठळी होती. त्यानं फुंकर मारली, तर देवळात शिरल्यासारखा वास आला.

"माय, हिला हात लावला व्हता का तू?"

"बुक्का लावला. बुवा कीर्तनाला उभं राहायच्या आधी लावत्यात का नाय? तुझ्या मशिनीला रीत नाय, म्हून मीबी सोडू व्हय?"

"पण किती लावला!"

"टाळकऱ्यांना नगं? कोण कुठं उभं हाय ते दिसंना, म्हून समदीकडं लावला."

सुरेखानं हसू लपवायला तोंडात पदर कोंबला. सोमनाथनं मात्र तबकडी उजेडात तिरकी धरली. काळ्या तबकडीवर काळा बुक्का, दिसणार कसा? आणि सुईनं तो खाचांत रगडला असला, तर तात्या कायमचे गेले.

त्यानं मऊ ब्रशनं भुकटी झाडली. मग डिस्टिल्ड पाण्यात साबणाचा एक थेंब घालून, मधला कागद कोरडा ठेवून, खाचांच्या वळणानं फडकं फिरवत राहिला. पांढरं फडकं काळंभोर झालं. तबकडी वाळत ठेवली, तोवर साळूबाई जवळ सरकल्या होत्या. बुक्क्याची डबी त्यांनी मुठीत घट्ट धरली होती.

"सोमा, माझ्याच हातानं गेले का रं ते?"

त्यानं पुन्हा सुई टेकवली.

थोडं टकटकलं. मग बुवांचा भरदार गळा खोलीभर पसरला. पखवाज घुमला, टाळ झणाणले, ध्रुपद आलं, आणि सगळ्यांच्या आधीच एक खडा आवाज पुढं उडी मारून गेला.

"ह्येच!" साळूबाई ओरडल्या. "लई घाई मेली! जेवायलाबी अशीच!" त्या हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या.

आता सोमनाथलाही तो आवाज वेगळा ऐकू येत होता. दर खेपेला सगळ्यांच्या पुढं. तो आईपुढं वाकला, कपाळ पुढं केलं. "माय, आता मला लाव बुक्का."

"थांब रं जरा," साळूबाई म्हणाल्या. "ध्रुपद सरू दे."