बेचाळिसांतला एकतिसावा बदल

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी शिंपीकाकांची लाल गाडी दुसऱ्या वळणावर अडकली. मागच्या गाड्याही अडकल्या, कडेची झाडे अडकली. मग चित्र एकदम पुढे सरकले, तेव्हा गाडी कठड्यावर आदळून उलटी पडलेली होती.

शिंपीकाकांनी स्टिअरिंगवरचा उजवा हात हळूच मांडीवर घेतला आणि डाव्या हाताने त्याचा अंगठा चाचपून पाहिला.

"गेला," ते म्हणाले. "परत गेला माझा हात."

"हात नाही हो काका गेला, मशीन अडकलंय," शेजारी उभी असलेली फिजिओथेरपिस्ट म्हणाली. पण तोवर पलीकडच्या मशीनवर फुगे फोडणाऱ्या बाईंचे फुगे हवेत थिजले होते, आणि दहा मिनिटांत खोलीतल्या चौदाही मशीनची तीच गत झाली. पडदे चालू होते. चित्र सेकंदाला एकदा, फार तर दोनदा हलत होते. अर्धांगाच्या झटक्यानंतर हात सावरणाऱ्यांची ही हॉस्पिटलमधली व्यायामखोली. दाबले की फुटायला हवे आणि वळवले की वळायला हवे, यावरच तिथला सगळा कारभार. शिंपीकाकांचा अंगठा सहा आठवड्यांनी हलू लागला होता. त्यांनी उरलेला तास स्टिअरिंगला हात लावला नाही.

फिजिओथेरपिस्टने धाकट्या भावाला फोन लावला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्या वेळी तो एका सात मजली इमारतीच्या गच्चीवरच्या मोटारखोलीत दोरखंडाला ग्रीस लावत होता.

"ताई, काल रात्री मशीन अपडेट झाली का?"

"आपोआप होतात ना ती. तूच लावून दिलंयस."

"बरं. जेवायच्या सुट्टीत येतो. कुणाला काही दाबू देऊ नकोस."

त्याला तेव्हाच शंका आली होती, पण ती वेगळी होती. त्याला वाटले, आपलीच काहीतरी चूक झाली असणार. तसे वाटायला कारण होते. त्या चौदा मशीनमध्ये पडद्यावर चित्र उमटवणारी जी ग्राफिक्स कार्डे आहेत ती बारा वर्षांपूर्वीची, कचेऱ्यांनी भंगारात काढलेली. बनवणाऱ्या कंपनीने त्यांच्याकडे केव्हाच पाठ फिरवली. ती आज चालतात ती फक्त ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही वाचता-सुधारता येणाऱ्या यंत्रणेवर, आणि तिथेही चालतात याला कारण दोनच माणसे. एक हा लिफ्टवाला, दुसरे त्याच्या ताईचे यजमान, म्हणजे त्याचे भावोजी. यंत्रणा जे सांगते ते कार्डाला कळेल असे करणारा, मधल्या दुभाष्यासारखा प्रोग्राम या दोघांनी नऊ वर्षे खपून लिहिला. कंपनीने कार्डाची माहिती कधी दिली नाही. दोघे ताईच्या जेवणाच्या टेबलावर उघडे कार्ड मांडून बसत, एकेक आकडा आत पाठवत आणि पडद्यावर काय उमटते ते वहीत टिपत. पहिला त्रिकोण उमटायला पाच महिने लागले. तो हिरवा यायला हवा होता, जांभळा आला. तरी भावोजींनी त्या दिवशी सगळ्यांना आइस्क्रीम दिले होते.

दुपारी एकला तो खोलीत आला, एका मशीनपुढे बसला आणि पाच मिनिटांत त्याला कळले की यंत्रणा ते कार्ड ओळखतच नाही. कार्ड बिघडले नव्हते. ओळखीच्या यादीतून त्याचे नाव काढून टाकलेले होते. नाव काढले की दुभाषी जागा होत नाही, आणि मग यंत्रणा हातवारे करून भागवते.

या कामात प्रत्येक बदलाची जाहीर नोंद राहते: कुणी केला, कधी केला, कुणी तपासला. त्याने नोंद उघडली. बदल चार महिन्यांपूर्वीचा होता, तो असलेली आवृत्ती मशीनमध्ये काल रात्री उतरली होती. भावोजींनी एकदम बेचाळीस बदलांची मालिका पाठवली होती, मथळा होता 'साफसफाई'. पहिले तीस बदल खरोखरच साफसफाईचे होते. स्पेलिंग, मोकळ्या जागा, निकामी टिपणे. एकतिसाव्याने बारा वर्षांपूर्वीच्या कार्डांचे अख्खे घराणे यादीतून उडवले होते. बत्तिसाव्यापासून पुन्हा मोकळ्या जागा. एकतिसाव्या बदलाखाली ओळ होती, 'तपासले', आणि त्यापुढे लिफ्टवाल्याचे पूर्ण नाव.

त्याने ते नाव तीनदा वाचले.

दोघांतला रिवाज पहिल्या वर्षापासूनचा होता. एकाने लिहायचे, दुसऱ्याने वाचून 'तपासले' अशी ओळ द्यायची. दुसऱ्याच्या ओळीशिवाय काहीही आत जात नाही. कुठला बदल यंत्रणेत घ्यायचा ते ठरवणारा, वर बसलेला मुख्य राखणदार परक्या देशातला, दोघांना कधी न भेटलेला, पण हा रिवाज त्यानेही मान्य केलेला. त्या रविवारचा फोन लिफ्टवाल्याला आता शब्दन् शब्द आठवला. तो दुकानात रांगेत उभा होता, एका हातात पिशवी.

"काय मेव्हणे, बेचाळीस पाठवलेत, नुसती झाडझूड आहे. सगळ्यांना मिळून एकच ओळ टाकून दे."

"रात्री वाचतो ना."

"अरे, केरसुणी मारलीय, त्यात काय वाचायचं? घरचंच आहे."

घरचेच होते. त्याने रांगेतूनच फोनवर ओळ टाकली. लिफ्टच्या धंद्यात त्याचा नियम असा की ज्या लिफ्टमधून स्वतः वर-खाली गेलो नाही तिच्या तपासणी कार्डावर सही करायची नाही. सोळा वर्षांत त्याने तो मोडला नव्हता. नऊ वर्षांच्या जोडीदाराला मात्र त्याने तपासणीशिवाय पास केले होते.

तो खोलीतून निघण्याआधी हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागाचे साहेब येऊन गेले. त्यांना चौदा मशीनकडे नुसते पाहूनही त्रास व्हायचा.

"जुन्या आवृत्तीवर परत नेली तर चालतील ना?"

"चालतील."

"पण सुरक्षेच्या नियमाने जुन्यावर कायमचं ठेवता येणार नाही. असं करा, दुरुस्ती वरून मान्य झाली एवढं मला शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत दाखवा. मग ती नव्या आवृत्तीत येईपर्यंत चौदाही जुन्यावर चालू देतो. नाही दाखवलंत तर सोमवारी खोली प्लास्टर विभागाला. ते वर्षभर मागतायत. तोवर एक मशीन चालवा, नेट काढून."

शुक्रवार पाच ही वेळ त्यांनी हवेतून काढली नव्हती. नवे बदल घेण्याचे राखणदाराचे दारही त्याच वेळी बंद होणार होते. त्यानंतर पुढच्या आवृत्तीसाठी दहा आठवडे थांबावे लागते.

संध्याकाळी सहाला लिफ्टवाला ताईच्या घरी गेला. दार भावोजींनी उघडले. दोन वर्षांपूर्वी त्यांना त्याच कार्ड बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली होती. तेव्हा पेढे वाटायला लिफ्टवालाच पुढे होता. आपला माणूस आत गेला, आता कागदपत्रे मिळतील, असे तो सगळ्यांना सांगत सुटला होता.

"काय मेव्हणे, आज वर्दीतच?"

"एकतिसावा," तो म्हणाला.

भावोजींनी 'एकतिसावा काय?' असे विचारले नाही. ते बाजूला झाले.

"बस. चहा टाकतो."

"उभा बरा आहे मी. तुम्हाला काय वाटलं, कुणाला कळणारच नाही?"

"कळणार होतंच रे. पण तोवर नवी कार्डं आली असती."

"कुठली नवी कार्डं?"

"हिच्या खोलीसाठी. चौदा, कंपनीकडून भेट. माझ्या साहेबांनी कबूल केलं होतं. जुन्या घराण्याचं ओझं तेवढं काढा म्हणाले, लोक जुन्यावरच खेळत बसले तर नवं घेणार कोण?"

"मग अडली कुठं?"

"साहेबांची बदली झाली. नवीन आलेत त्यांना काही ठाऊकच नाही."

"लेखी आहे?"

भावोजी टेबलाच्या कडेवरचा डाग नखाने खरवडू लागले. तो डाग जुना होता, सोल्डरिंगचा.

"चार महिने, भावोजी. दर रविवारी मी इथं जेवायला येत होतो. ताकास तूर लागू दिली नाहीत. मला सांगता आलं नसतं?"

"सांगितलं असतं तर तू ओळ दिली असतीस?"

"नाही."

"मग?"

"मग काय? थांबलात का, बोला ना पुढं."

हे ताई म्हणाली. ती दारात उभी होती, खांद्यावर हॉस्पिटलची पिशवी तशीच. केव्हापासून उभी होती ते दोघांनाही समजले नाही.

"शिंपीकाका आज मला म्हणाले, माझा हात परत गेला," ती नवऱ्याला म्हणाली. "तासभर समजावलं मी, की दोष मशीनचा आहे. ते म्हणतात, पोरी, तू माझं मन राखायला खोटं बोलतेस. नऊ वर्षं हे टेबल दिलं मी तुम्हाला. पाहुणे आले तर जमिनीवर पंगत बसवली, पण तुमची कार्डं हलवली नाहीत. आणि तुम्ही माझ्याच खोलीचं नाव पुढं करून..."

"तुझ्यासाठीच केलं होतं गं."

"मला विचारून केलं होतंत?"

 मग ती भावाकडे वळली. लिफ्टवाल्याला वाटले होते की या घरात आज आपली बाजू घेणारी एकच व्यक्ती आहे.

"त्याच्याखाली तुझं नाव कसं?"

"मी ओळ दिली होती."

"वाचून?"

"नाही."

"कुणाच्या लिफ्टवर करशील अशी सही?"

"कुणाच्याच नाही."

"म्हणजे यांनी तुला फसवलं आणि तू मला," ताई म्हणाली आणि पिशवी घेऊन आत गेली. 

बुधवारी सकाळी सात वाजून पंचवीस मिनिटांनी लिफ्टवाल्याने एकतिसावा बदल उलटवणारा बदल पाठवला. सोबत कारण लिहावे लागते. भावोजींची नोकरी, कार्डांची भेट, बदलून गेलेले साहेब यांतले त्याने काही लिहिले नाही. ही कार्डे वापरात आहेत, एका व्यायामखोलीत चौदा आहेत, आणि मूळ बदलाखालची ओळ मी न वाचता दिली होती, एवढेच लिहिले. शेवटचे वाक्य लिहायची सक्ती नव्हती. ते लिहिले नाही तर आपण आणि भावोजी यांत फरक तो काय, असे त्याला वाटले.

हात दाखवून अवलक्षण झाले. दुपारपर्यंत जगभरातून अकरा अनोळखी लोकांनी 'आमच्या मशीनवर चालवून पाहिले, चालते' असे कळवले. जुन्या लॅपटॉपवर खेळणाऱ्या एकाने तर 'गेला महिनाभर मी स्वतःलाच शिव्या देत होतो' असेही लिहिले. पण राखणदाराचे उत्तर दोन ओळींचे होते. बदल योग्य दिसतो. मात्र पाठवणाऱ्याने स्वतःच न वाचता ओळ दिल्याचे मान्य केले आहे, तेव्हा रिवाजाप्रमाणे जोडीदाराची ओळ आल्याशिवाय मी घेणार नाही.

जोडीदार म्हणजे भावोजी. त्यांनी ओळ द्यायची म्हणजे आपल्याच कंपनीने काढायला लावलेली कार्डे आपल्याच नावाने परत आत घ्यायची, तीही जाहीर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

बुधवार गेला. गुरुवारीही काही आले नाही. लिफ्टवाल्याने भावोजींना फोन केला नाही. एकदा नंबर काढला होता, पण काय म्हणायचे? 'घरचंच आहे, एक ओळ टाका'? ते वाक्य आता त्याच्या तोंडून निघण्यासारखे नव्हते.

शुक्रवारी चार वाजता कामावरून सुटून तो हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, व्यायामखोलीत आला. तेरा मशीनवर कापड टाकलेले होते. चौदाव्यावर शिंपीकाका होते, तेही ताईने दोन दिवस मिनतवाऱ्या केल्यावर. रांगेत आणखी सहा जण खुर्च्यांवर बसले होते.

"काका, दहा मिनिटं झाली तुमची," फुगेवाल्या बाई म्हणाल्या.

"शिंप्याने कधी काही वेळेवर दिलंय का?" शिंपीकाका म्हणाले. गाडी दुसरे वळण पार करून गेली. ते हसले नाहीत, पण त्यांनी अंगठ्याकडे पाहिले.

ताई भावाशी मंगळवारपासून कामापुरते बोलत होती.

"भावोजी आज ऑफिसला गेले का?" त्याने विचारले.

"आठला निघाले. डबा घरीच राहिला." थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी काही विचारलं नाही. तूही विचारू नकोस. ओळ द्यायची तर त्यांची त्यांना देऊ दे."

चार वाजून अडतीस मिनिटांनी लिफ्टवाल्याच्या फोनवर टपाल आले. भावोजींचे होते, बदलाच्या जाहीर नोंदीखाली, सगळ्यांना दिसेल असे. त्यात 'तपासले' नव्हते. प्रश्न होता. 'तिसऱ्या फाइलमध्ये दोनशे चौदाव्या ओळीवर कार्डाच्या मेमरीची मर्यादा पूर्वीपेक्षा अर्धी का केली आहे?'

लिफ्टवाल्याने फाइल उघडली. मर्यादा खरेच अर्धी होती. घाईत त्याने वहीतल्या जुन्या पानावरचा आकडा घेतला होता, आणि राखणदारासकट आजवर कुणाच्याही ते लक्षात आले नव्हते. एवढी चूक काढायची तर सगळा बदल ओळीन् ओळ वाचावा लागतो. पाचला वीस-बावीस मिनिटे राहिली असताना असला प्रश्न विचारून वेळही काढता येतो.

"काय म्हणतायत?" ताईने विचारले.

"वाचतायत."

"म्हणजे देणार?"

"वाचतायत एवढंच कळतंय."

चार वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी त्याने आकडा सुधारून बदल पुन्हा पाठवला आणि खाली लिहिले, 'चूक माझी. आभार.' कॉम्प्युटर विभागाचे साहेब किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात येऊन उभे राहिले. शिंपीकाकांनी त्यांना पाहिले आणि स्टिअरिंग सोडले नाही.

चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी बदलाखाली अजून एकच नाव होते, लिफ्टवाल्याचे.