जपून चालवा म्हणाले

मित्रांनो, जुन्या गाड्या बोलू लागल्या की आधी आपल्या रंगाचे कौतुक सांगतात. माझा रंग करडा आहे आणि त्यात सांगण्यासारखे काही नाही. मी एका मोटार शिकवणाऱ्या बाईंची गाडी आहे. माझ्या छपरावर ‘शिकाऊ’ अशी पाटी आहे. शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक बसवलेला आहे, म्हणजे शिकणाऱ्याची त्रेधा उडाली की बाईंना मला थांबवता यावे. शिकणाऱ्यांनी मला खांबांना घासले, गिअर टाकताना माझ्या पोटात कराकरा आवाज काढले, एकाने तर घाबरून मागच्या सीटवर उलटी केली. त्यातल्या कशाचीच मला किळस आली नाही. मला किळस आली ती कडक इस्त्रीच्या, सुगंधी, हसतमुख माणसांची. तीच हकीगत सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. मित्रांनो, गाडीचे चाक वळवायला खरे म्हणजे पुष्कळ जोर लागतो. तो जोर माणसाला लावावा लागू नये म्हणून स्टिअरिंगच्या दांड्याला एक छोटी मोटर जोडलेली असते. माझ्या त्या मोटरीत काहीतरी कच्चे राहिले होते. कोणाच्या हातून राहिले ते मला माहीत नाही, आणि त्याचा मला रागही नाही. शेकडो गाड्या करताना एखादी गोष्ट चुकू शकते. पुढे जे झाले ते मात्र चुकून झालेले नव्हते.

पहिली काही वर्षे आमची छान गेली. बाई बुटक्या, त्यामुळे पाठीशी उशी घेऊन बसत. त्यांची जीभ तिखट होती, पण शिकवणे सोन्यासारखे. त्यांनी माझ्यावर परिचारिका शिकवल्या, बेकरीवाला शिकवला, हॉर्नच्या आवाजाने दचकणारे एक निवृत्त कारकून शिकवले. परवाना मिळाला की माणसे मला थोपटून जात. बाई कोणालाही सांगत, “माझी गाडी म्हणजे लोणी आहे. एका बोटाने वळते.”

मग शिंपीणकाकू आल्या. वय पन्नाशीच्या पुढे, गळ्यात मापाची पट्टी तशीच लटकलेली. त्यांच्या नवऱ्याचे अर्धे अंग लुळे पडले होते. घरी गाडी होती, पण ती चालवणारा माणूस खुर्चीला खिळला होता. त्याला व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचे म्हणजे दर वेळी शेजाऱ्यापाजाऱ्यांची मनधरणी करावी लागे. काकूंना त्याचा वीट आला होता. त्या म्हणाल्या, आता मीच नेणार.

काकूंचे हात फार सुरेख होते. शिवणयंत्राखाली कापड सरकवावे तसे त्या स्टिअरिंग फिरवत. त्यांना काही शिकवावे लागत नाही, असे बाई सगळ्यांना सांगू लागल्या होत्या.

एके दिवशी सकाळी दवाखान्याच्या कोपऱ्यावर काकू मला डावीकडे वळवत होत्या. अर्ध्या वळणावर माझ्या आतली ती मोटर एकाएकी बंद पडली. स्टिअरिंग दगडासारखे झाले. काकूंनी सगळा जोर लावला, पण मी वळेना. मी सरळ फुटपाथवर चढले. तिथे बाकावर एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. बाईंनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला तेव्हा माझा बंपर त्या गृहस्थांच्या गुडघ्यांना जवळजवळ टेकला होता. त्यांच्या हातातले वर्तमानपत्र माझ्या बॉनेटवर पसरले.

थोड्या वेळाने बाईंनी स्टिअरिंग फिरवून पाहिले, तर ते पुन्हा लोण्यासारखे. तो दोष असाच लबाड होता, येऊन जायचा. घाबरलेल्या बाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला. हात ताठ का धरले, लक्ष कुठे होते, एखाद्याचा जीव गेला असता म्हणजे, असे त्या भर रस्त्यात बोलत राहिल्या. काकूंनी एकदाच सांगून पाहिले की स्टिअरिंग अडले होते. बाई म्हणाल्या, “सगळे हेच म्हणतात काकू.”

काकू उतरून चालत घरी गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. मला आवाज असता तर मी त्यांची साक्ष दिली असती. गाडीला तेवढीच गोष्ट येत नाही.

पुढच्याच महिन्यात पुलाच्या उतारावर मी बाईंच्या हातात अडले. समोरून दुधाचा टँकर येत होता. बाईंनी स्टिअरिंगवर जवळजवळ लोंबकळून मला कसेबसे वळवले आणि पूल संपल्यावर कडेला उभे केले. मग त्यांनी मला वळवले ते थेट काकूंच्या दुकानापुढे.

काकू बाही कापत होत्या. बाईंनी सगळे सांगितले, हात जोडले, शिकवणी पुन्हा सुरू करू म्हणाल्या. काकूंनी कात्री खाली ठेवली नाही. त्यांनी सांगितले की गाडी विकून टाकली. दारात उभी दिसली की नवरा तिच्याकडे बघत राही, आणि माझ्याच्यानं होणार नाही असे काकूंचे त्याला सांगून झाले होते. आता कशावर शिकू, असे त्या म्हणाल्या, आणि पुन्हा कापू लागल्या.

बाई तिथून निघाल्या त्या मला घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेल्या. मित्रांनो, तुम्ही असे ठिकाण पाहिले असेल. काचेच्या भिंती, गुळगुळीत फरशी, कुंड्यांत खोटी झाडे. तिथे आमची तक्रार ऐकून घेणारा एक माणूस होता. मेकॅनिक त्याला पाठीमागे गोडबोल्या म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. त्याने बाईंचे म्हणणे मान हलवत ऐकले, मध्येमध्ये ‘अगदी बरोबर, मॅडम’ म्हटले आणि मला आत पाठवले.

आत काय झाले सांगू? मला धुतले. फेसाने माखले, पुसले, माझ्या जाजमांवर गुलाबाच्या वासाचा फवारा मारला. बॉनेट उघडून एकाने आत डोकावले आणि बंद केले. स्टिअरिंगला कोणी हात लावला नाही. संध्याकाळी गोडबोल्याने चावी देताना सांगितले की गाडी अगदी ठीक आहे, शिकाऊ लोक स्टिअरिंग हिसकतात, त्यानं असं वाटतं.

मी पुन्हा अडले, आम्ही पुन्हा गेलो, मला पुन्हा धुतले. असे किती वेळा झाले ते आठवायलाही नको वाटते. दुखणाऱ्या माणसाचे तोंड धुऊन, पावडर लावून त्याला घरी पाठवावे, तसे ते होते. तो गुलाबाचा वास माझ्या सीटांत मुरला. बाई काचा खाली करून गाडी चालवत, तरी तो जात नसे.

तिथेच एकदा बाईंना एक लग्नांचे फोटो काढणारा माणूस भेटला. त्याची गाडी माझीच बहीण, त्याच कारखान्यातली. ती भर चौकात अडली होती आणि दुभाजकावर चढली होती. त्यात त्याचा उजवा अंगठा मोडला. त्याला गोडबोल्याने सांगितले होते की चाकांत हवा कमी होती. एका गरोदर बाईला सांगितले होते की या दिवसांत हातात जोर राहत नाही. फोटोवाला म्हणाला, “ताई, प्रत्येकासाठी वेगळं कारण आहे यांच्याकडे. आणि दर कारणात चूक आपलीच.” मग त्या दोघांनी आणखी माणसे शोधली. पुष्कळ सापडली. त्यांनी कंपनीला आणि सरकारी खात्यालाही कळवले.

अखेर सगळ्यांच्या फोनवर कंपनीचा निरोप आला. या गाड्यांच्या स्टिअरिंगमध्ये दोष आढळला आहे, गाड्या घेऊन या, पार्ट फुकट बदलून मिळेल, तुमची सुरक्षितता आमच्यासाठी सर्वांत मोलाची आहे. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. मलाही वाटले, सुटलो.

आम्ही गेलो. गोडबोल्या हसून म्हणाला की पार्ट अजून आलेला नाही.

“मग तोवर?” बाईंनी विचारले.

“तोवर जपून चालवा, मॅडम.”

“जपून म्हणजे कसं? वळायचं नाही?”

त्याने उलट विचारले, गाडी धुऊन देऊ का?

आठवडे गेले, पावसाळा गेला, पार्ट आला नाही. बाईंनी शिकवणी बंद ठेवली. मी दारात धूळ खात उभी राहिले. त्या धुळीने मला बरे वाटे, मित्रांनो. ती निदान खोटा वास तरी मारत नव्हती.

आणि मग एका संध्याकाळी गोडबोल्याच बाईंच्या घरी आला. सोबत त्याची लेक होती, नुकतीच नोकरीला लागलेली. तिला गाडी शिकायची होती आणि गावात बाईंसारखे कोणी शिकवत नाही, हे त्यालाही माहीत होते. पोरगी सरळ माझ्याकडे आली. तिने माझे दार उघडले. गोडबोल्या धावतच आला आणि त्याने तिचे मनगट धरले.

“हिच्यात नको,” तो म्हणाला. “मॅडम, तुमच्याकडे दुसरी गाडी असेल ना?”

बाई म्हणाल्या, “हीच आहे. तुम्हीच तर दर वेळी ठीक म्हणून परत दिलीत.”

पोरगी बापाकडे वळली. “बाबा,” तिने विचारले, “ही ठीक आहे ना?”

त्याचा हात अजून तिच्या मनगटावर होता आणि माझ्या दाराला टेकला होता. मित्रांनो, मला त्या क्षणी आली तशी शिसारी कधी आली नाही. म्हणजे याला सगळे ठाऊक होते. दुसऱ्यांच्या बायका, दुसऱ्यांची म्हातारी माणसे, दुसऱ्यांची पोटातली पोरे ‘जपून चालवा’च्या भरवशावर सोडता येत होती. याची लेक तेवढी सोडता येत नव्हती.

पोरीने हात सोडवून घेतला आणि ती एकटीच चालत निघून गेली.

बाईंनी रात्रीच फोटोवाल्याला आणि बाकीच्या सगळ्यांना फोन केले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे जण सर्व्हिस सेंटरला जमलो. माझ्यासारख्या बारा-पंधरा बहिणी असतील. मालकांनी त्या सेंटरला लागून असलेल्या शोरूमच्या दारापुढे ओळीने लावल्या आणि जाहीर केले की पार्ट बसल्याशिवाय नेणार नाही. नव्या गाड्यांना बाहेर पडायला वाट उरली नाही. माझ्या मागे शिंपीणकाकूही येऊन उभ्या होत्या. बाईंनी त्यांना नुसते कळवले होते. त्या दुकान बंद ठेवून आल्या.

तिथला मॅनेजर थंड पेये घेऊन बाहेर आला. कोणी घेतली नाहीत. तेव्हा त्याने गोडबोल्याला हाक मारून फर्मावले की चाव्या घे आणि एकेक गाडी उतारावरून मागच्या आवारात नेऊन लाव.

बाईंनी चावी पुढे केली. गोडबोल्याने ती घेतली. माझ्याजवळ आला. दार उघडले, पण बसला नाही. उताराच्या तोंडाशी त्याची लेक उभी होती, हे मला तेव्हा दिसले.

“मी चालवणार नाही,” तो म्हणाला. “उतारावर अडली तर भिंतीवर जाईल.”

मॅनेजर म्हणाला की लोकांसमोर काय बोलतोस याचे भान ठेव.

“पार्ट येतात,” गोडबोल्या बोलतच राहिला. त्याचा आवाज गोड राहिला नव्हता. “येतात ते नव्या गाड्यांना बसवतो आम्ही. विकायच्या गाड्या आधी, विकलेल्या नंतर, असा वरून हुकूम आहे.”

फोटोवाल्याने पँटच्या खिशात घातलेला हात बाहेर काढला आणि आपल्या वाकड्या अंगठ्याकडे पाहिले. काकू पुढे आल्या.

“त्या दिवशी माझे हात बरोबर होते ना?” त्यांनी विचारले. त्यांना एवढेच हवे होते.

“हो काकू. तुमची काही चूक नव्हती.”

“हे माझ्या नवऱ्याला येऊन सांगा,” काकू म्हणाल्या.

मला चालवत कोणी नेले नाही. आमच्या मालकांनी ढकलून आम्हाला तिथेच दारापुढे आडवे लावले, म्हणजे दार पुरते बंद व्हावे. काकूंचे दोन्ही तळवे माझ्या पाठीवर होते. चार दिवसांत नव्या गाड्यांसाठी ठेवलेले पार्ट बाहेर आले. माझी मोटर बदलली. तेवढे काम व्हायला एक दुपारसुद्धा लागली नाही.

गोडबोल्याची नोकरी गेली. त्याने काकूंच्या घरी जाऊन सांगितले, हेही खरे. पण म्हणून मी त्याला चांगला म्हणणार नाही. लेक उभी नसती तर तो बोलला असता की नाही, मला माहीत नाही. काकूंची गाडी काही परत आली नाही. त्या माझ्यावर पुन्हा शिकल्या, परवाना काढला, आणि आता दवाखान्याच्या दिवशी बाई मला त्यांच्याकडे सोपवतात.

महिन्याभराने कंपनीने समारंभ केला. दुरुस्त झालेल्या गाड्या चमकवून मांडवात लावल्या. माझ्या स्टिअरिंगला लाल रेशमी फीत बांधली आणि बॉनेटवर ‘आम्ही काळजी घेतो’ असा फलक ठेवला. मॅनेजरने फोटोवाल्याला म्हटले की तुम्ही आमच्या कुटुंबातलेच, दोन फोटो काढा. फोटोवाल्याने कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. बाई येऊन माझ्यात बसल्या. त्यांनी स्टिअरिंग फिरवले तर ती फीत त्यांच्या बोटांत गुंतू लागली. त्यांनी ती सोडवली, काच खाली केली आणि फीत मॅनेजरच्या हातात दिली.

“ही वळताना अडकते,” त्या म्हणाल्या, आणि आम्ही निघालो.

मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल. तुमच्यातले कोणी गाड्या चालवाल, कोणी बनवाल, कोणी काचेच्या भिंतीमागे बसून लोकांच्या तक्रारी ऐकाल. माझे म्हणणे त्या काचेमागे बसणाऱ्यांना आहे. समोरचा माणूस सांगेल की काहीतरी अडते आहे. त्याला गोड बोलू नका, त्याचे हात तपासू नका. उठा, बाहेर या, आणि त्याच्या गाडीत स्वतः बसून एक वळण घेऊन पाहा. बसायची भीती वाटली, तर तेच उत्तर त्याला मोठ्याने सांगा.