चौथ्या मजल्यावरचा अकरावा भाग

नियम अतियातनंच केला होता, आणि आता तोच तिच्या गळ्याशी आला होता.

कैरोच्या शुब्रा वस्तीतल्या त्या पाच मजली इमारतीत पूर्वी रमजानच्या मालिका सगळ्यांच्या टीव्हीवर फुकट यायच्या. इफ्तारचं सूप संपतंय न संपतंय तोच शीर्षकगीत सुरू व्हायचं आणि पाचही मजल्यांवरून एकच सूर निघायचा. मग एक ॲप आलं. त्यावर म्हणे जगातलं सगळं होतं. लोकांनी तेही घेतलं आणि सुखात राहिले. पण हे सुख स्टुडिओवाल्यांच्या डोळ्यांत खुपलं असावं. आमच्या मालिका दुसऱ्याच्या दुकानात का, असं म्हणत एकेकानं आपापलं ॲप काढलं. हा नट या ॲपवर, ती नटी त्या ॲपवर. एका विनोदी मालिकेचे तर जुने भाग एकीकडे आणि नवे दुसरीकडे. त्यामुळे पहिल्या मजल्यावरच्या उस्ताद वग्दींना नायकाचं लग्न झालेलं माहीत होतं, पण कुणाशी ते कळायला दोन वर्षं लागली.

"रिमोटबरोबर आता नकाशाही द्या म्हणावं," वग्दी म्हणाले. गणिताचे निवृत्त मास्तर, त्यामुळे तक्रारसुद्धा नेमकी करायचे.

गेल्या वर्षी रमजानआधी जिन्यातच सभा भरली. प्रत्येक जण तावातावानं बोलत होता आणि कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या अतियातनं कठड्यावर चमचा आपटला. सहासष्ट वर्षांची बाई, पण आवाज असा की रस्त्यापलीकडचा इस्त्रीवाला वळून बघायचा.

"गप्प बसा सगळे! मजले पाच, स्टुडिओ पाच. एका स्टुडिओचं ॲप एकाच घरात. ज्याला जे बघायचंय त्यानं तो मजला चढावा. दुसऱ्याचं ॲप आपल्या घरात घ्यायचं नाही, नाहीतर जिना कोण चढणार? आणि हो, रिकाम्या हातानं कुणी यायचं नाही!"

दारवान इद्रिसनं खोक्याच्या पुठ्ठ्यावर यादी लिहिली आणि बंद लिफ्टच्या दारावर चिकटवली. पहिल्या मजल्यावर तलवारी आणि खलिफा, दुसऱ्यावर मुलांची कार्टून, तिसऱ्यावर तुर्की प्रेमकथा, कारण अतियातचा मुलगा हानी कुवेतहून तेवढ्याच ॲपचे पैसे भरत होता. पाचव्यावर नव्या जोडप्याकडे अमेरिकन खूनखराबा. आणि चौथ्यावर कैरोतला जुना, मोठा स्टुडिओ. तो बहिगाच्या वाट्याला आला. अतियातनं तेव्हा नाक उडवून म्हटलं होतं, "घेऊ दे. मला तिथलं काही बघायचं नाही."

आणि खरं सांगायचं तर नियमानं इमारतीला जीव आला. संध्याकाळी रोजा सोडायच्या तोफेचा आवाज झाला, खजूर तोंडात गेला, जेवणं उरकली की जिन्यात चपलांची फटफट सुरू व्हायची. ताटल्या वर जायच्या, ताटल्या खाली यायच्या, आणि आलेली ताटली रिकामी परत करणं या गल्लीत कुणाला शोभत नाही, म्हणून भरलेलं भांडं भरलेलंच फिरत राहायचं. पाचव्या मजल्यावरच्या नव्या नवरीला महिनाभर स्वयंपाकच करावा लागला नाही. स्टुडिओवाल्यांनी माणसं वेगळी करायला दुकानं वेगळी केली असतील, तर शुब्र्यात त्यांचा अंदाज साफ चुकला.

फक्त तिसऱ्या ते चौथ्या मजल्याच्या सतरा पायऱ्या अतियात चढत नव्हती. सहा वर्षांपूर्वी ईदच्या कहकच्या बिस्किटांचे ट्रे गल्लीतल्या भट्टीत भाजायला गेले होते. परत येताना तिचे आणि बहिगाचे ट्रे बदलले. अतियातची बिस्किटं अस्सल तुपाची. जी घरी आली ती स्वस्तातल्या मार्गारीनची, असं तिचं म्हणणं. "तुपाला तूप म्हणायची चव तरी आहे का तुला?" असं बहिगा जिन्यात सर्वांदेखत म्हणाली आणि चाळीस वर्षांची मैत्री तिथंच थांबली. त्याआधी दोघींनी एकमेकींची बाळंतपणं काढली होती. आता जिन्यात समोर आल्या तर एक भिंतीकडे बघायची, दुसरी कठड्याकडे.

एवढं सगळं सुरळीत चाललं असतं. पण या जानेवारीत गल्लीत शूटिंग आलं.

अतियात तेव्हा बहिणीकडे तांताला गेली होती. चार दिवसांनी रात्री परतली आणि थकून तशीच झोपली. तेवढ्या दिवसांत स्टुडिओच्या माणसांनी समोरचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान झाकून तिथं पन्नास वर्षांपूर्वीचं किराणा दुकान उभं केलं होतं. हिरवी पाटी, तेलाचे डबे, बाहेर गोणी. अगदी पूर्वी तिथंच असलेल्या अब्दूच्या दुकानासारखं. तो अब्दू बारा वर्षांपूर्वीच अल्लाघरी गेलेला, पण सकाळी अर्धवट झोपेत डोळे चोळत बाल्कनीत आलेल्या बाईला कोण आठवण करून देणार? तिनं खाली पाहिलं. दुकान उघडं होतं, आत माणूस होता. घरात चीज नव्हतं. तिचा हात आपसूक दोरी बांधलेल्या टोपलीकडे गेला.

"ए अब्दू!" टोपली खाली जात होती आणि आवाज तिच्याही पुढे. "अर्धा किलो पांढरं चीज दे! खारट दिलंस तर टोपलीसकट तुझ्या डोक्यावर येईन! आणि पाव मोजून घाल, मागच्या खेपेला एक कमी होता!"

खाली कॅमेरा सुरू होता. नायिका रडत होती. गल्लीतली पन्नास माणसं श्वास रोखून उभी राहिली. दुकानदाराचं काम करणारा नट मात्र मुरलेला होता. त्यानं वर पाहिलं, "जशी आज्ञा, मालकीणबाई," म्हणाला आणि चीजचा तुकडा टोपलीत ठेवला. अतियातनं दोरी ओढली, तुकडा हातात घेतला आणि कठड्यावर आपटून पाहिला. प्लास्टरचा होता.

"दगड दिलास की रे मेल्या!"

मग मात्र सगळी गल्ली हसून फुटली. रडणारी नायिका हसत हसत गोणीवर बसली. दिग्दर्शक धापा टाकत तीन मजले चढून आला, अतियातच्या हाताचं चुंबन घेतलं आणि एका कागदावर तिची सही घेतली. "आजी, हे सोनं आहे. हे मी मालिकेत ठेवणार. बहुधा अकराव्या भागात."

झालं. दुसऱ्या दिवसापासून अतियातचे पाय जमिनीला लागेनात. मासळीवाल्याला कळलं, दाताच्या डॉक्टरला कळलं, हानीला कुवेतमध्ये कळलं, त्याच्या साहेबालाही कळलं. अतियातला सिनेमाचं वेड लहानपणापासून. शाळेच्या नाटकात तिला एकदा झाड केलं होतं, तेवढीच तिची कारकीर्द. आता उभ्या देशानं आपल्याला पाहावं आणि आपण स्वतःला पडद्यावर पाहावं, एवढीच इच्छा होती. आणि ती या वयात अशी लहान मुलीसारखी उफाळून आली होती की तिचं तिलाच हसू यायचं.

रमजानच्या आदल्या आठवड्यात जाहिरात लागली. मालिका टीव्हीवर येणार नव्हती. फक्त स्टुडिओच्या ॲपवर, म्हणजे चौथ्या मजल्यावर.

"हानीला सांगा, घेऊन टाकेल तो," इद्रिस म्हणाला.

"आणि तू यादीवर काय लिहिशील? की जिनं नियम केला तिनंच मोडला?"

"मी पुठ्ठाच काढून टाकतो, हानीच्या आई."

"हात लावून तर बघ!"

पहिला भाग लागला त्या संध्याकाळी सगळी इमारत ताटल्या घेऊन चौथ्या मजल्यावर गेली. अतियातच्या तुर्की प्रेमकथेला कुत्रं विचारेना. ती एकटी सोफ्यावर बसून राहिली. पडद्यावरचा देखणा जहाजमालक कुणावर तरी प्रेम करत होता आणि तिचे कान छताकडे लागले होते. तिसऱ्या दिवशी ती भेंडी निवडायच्या निमित्तानं जिन्यात जाऊन बसली. पाचव्या दिवशी भेंडी घेऊन सात पायऱ्या वर. आठव्या दिवशी चौदा. तिथं वग्दी तिला भेटले.

"बाई, भेंडी तिसऱ्या मजल्यावर निवडली तर कडू लागते का?"

"इथं वारा येतो."

"वारा आत जास्त येतो. चला ना."

"तिच्या दारात मी? आधी तिनं माझं तूप परत करावं."

"सहा वर्षांपूर्वी खाल्लेलं?"

"मग माफी मागावी. तुम्ही सांगा तिला, त्या बाईनं मार्गारीन म्हणून कबूल केलं की मी येते."

वग्दींनी निरोप नेला. उत्तर घेऊन आले तेव्हा चेहऱ्यावरचं हसू त्यांना आवरत नव्हतं. "ती म्हणते, मला कशाला विचारता? एक घर एक ॲप, रिकाम्या हातानं यायचं नाही. नियम तिचेच आहेत. त्यात मार्गारीनचा नियम कुठं लिहिलेला नाही."

अतियातला आधी राग आला. मग घरी जाऊन दार लावल्यावर ती एकटीच खुदकन हसली. बहिगाच्या जिभेला अजून तीच धार होती.

अकराव्या दिवशी दुपारी तिनं केसांना मेंदी लावली. हानीनं पाठवलेला रेशमी स्कार्फ काढला. करंजीसारखे कतायफ भरले, अर्ध्यांत अक्रोड, अर्ध्यांत मलई, आणि तळून पाकात सोडले. बहिगाला मलईचे आवडतात हे तिच्या हातांना आठवत होतं, तिनं मुद्दाम काही केलं नाही. निदान वग्दींना तिनं तसं सांगितलं. मग थाळा दोन्ही हातांत धरून ती सतरा पायऱ्या चढली. दार उघडंच होतं. आत पंधरा माणसांच्या माना एकदम दाराकडे वळल्या.

बहिगा स्वयंपाकघरातून आली. जाड झाली होती, गुडघा धरून चालत होती. हिचा गुडघा कधीपासून दुखतोय आणि आपल्याला पत्ताच नाही.

"हं," बहिगा म्हणाली आणि थाळा घेतला.

"हं," अतियात म्हणाली आणि लोकांनी सरकून दिलेल्या जागेत, थेट पडद्यासमोर बसली.

भाग सुरू झाला. नायिकेचा बाप वारला, भावानं घर बळकावलं, पाऊण तास गेला. मग ती गल्ली आली, आपली गल्ली! सगळे ओरडले. हिरवी पाटी आली, गोणी आली, रडणारी नायिका आली.

"ए अब्दू!"

वरून टोपली आली. चांदीची बांगडी घातलेला एक हात दिसला, जेमतेम मनगटापर्यंत. त्याच्यावर स्टुडिओनं दुकानाला लावलेली ताडपत्री आडवी आली होती. चीज, पाव, डोक्यावर येईन, सगळं ऐकू आलं. दुकानदार म्हणाला, "जशी आज्ञा, मालकीणबाई." टोपली वर गेली आणि ताडपत्रीमागे नाहीशी झाली. पुढच्या दृश्यात नायिकेचा भाऊ वकिलाकडे बसला होता.

चेहरा नव्हताच.

इद्रिसनं टाळी वाजवायला हात उचलले होते, ते तसेच मांडीवर ठेवले. अतियातनं स्कार्फ सारखा केला. मासळीवाला, दाताचा डॉक्टर, हानीचा साहेब, सगळे तिच्या डोळ्यांपुढून गेले. तिला रडू येत होतं आणि या घरात तर मुळीच रडायचं नव्हतं.

"निघते मी," ती उठत म्हणाली. "दूध ठेवलंय गॅसवर."

"बस खाली," बहिगा म्हणाली.

तिनं वग्दींच्या हातातला रिमोट घेतला, चित्र मागे नेलं आणि आवाज होता तेवढा सगळा वाढवला. खिडक्यांची तावदानं थरारली. *ए अब्दू!* खोलीभर घुमलं, खिडकीतून बाहेर पडलं आणि समोरचा इस्त्रीवाला सवयीनं वळून वर बघू लागला.

"चेहरा काय बघायचाय?" बहिगा कुणाकडेच न बघता म्हणाली. "चेहरा मला जिन्यात रोज दिसतो, फिरवलेला का असेना. हा आवाज ऐका. सहा वर्षं माझ्या खिडकीखाली रोज सकाळी सुरू होतो. दुकानदाराला जातो, इद्रिसला जातो, मेल्या मांजरांनासुद्धा जातो. सगळा खालीच जातो. वर एकदाही आला नाही."

पंधरा माणसांच्या खोलीत कतायफच्या थाळ्याकडे बघायचीही कुणाची छाती झाली नाही. अतियात उभीच होती. बहिगा तिच्यापासून दोन हातांवर होती. तरी अतियातनं छाती भरून श्वास घेतला आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशी हाक मारली.

"बहिगाऽऽ!"

"ओरडू नकोस, ऐकू येतंय," बहिगा ओढणीनं डोळे पुसत म्हणाली. "काय आहे?"

"पुन्हा लाव."