माझ्या पानांत नसलेली गाडी

मी गोष्टींचा एक जुना, पाठीचा दोरा उसवलेला संग्रह आहे. मित्रांनो, छापखान्यातून निघालो तेव्हाचा माझा तोरा काय सांगू! मुखपृष्ठावर माझ्या लेखकांचं नाव लाल, ठसठशीत अक्षरांत होतं. आपल्यातला शब्द न् शब्द सोन्याचा, अशी माझी पक्की खात्री होती.

मुदखेडला रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन असलेल्या मारोतीनं मला आपल्या राजकन्या नावाच्या लेकीसाठी घेतलं. ती तेव्हा पाच वर्षांची होती. ड्युटीवरून आला की हातपाय धुऊन तो मला उघडायचा आणि ती त्याच्या मांडीवर येऊन बसायची.

पहिल्याच संध्याकाळी मी हादरलो. माझ्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट धोंड्याची. वेशीबाहेरच्या वस्तीतला धोंड्या पाटलाच्या खळ्यातून ज्वारी चोरतो, गाव त्याला लिंबाला बांधतं, पोरं टाळ्या पिटून हसतात आणि शेवटी माझे लेखक म्हणतात, 'ही जातच तशी.' मारोती त्या पानावर आला, घुटमळला, घसा खाकरला आणि चक्क भलतंच वाचू लागला! त्याचा धोंड्या स्टेशनावर हिरवा झेंडा घेऊन उभा. पाटील डब्यात बसून घामाघूम, आणि धोंड्यानं झेंडा दाखवल्याशिवाय गाडी काही हलेना. राजकन्या पोट धरून हसली. अहो, माझ्यात गाडीच नाही, तर झेंडा कुठला! माझा नुसता संताप झाला. पण पुस्तकाला तोंड असतं कुठं?

मग रोज तीच गोष्ट आणि रोज तीच गाडी. दुसरीत गेल्यावर पोर बोट ठेवून अक्षरं लावू लागली, तशी मारोतीनं मला पत्र्याच्या पेटीत तळाशी टाकलं आणि जळकोटच्या पाहुण्यानं पुस्तक नेलं, अशी थाप मारली. ती खूप रडली. मी डांबरगोळ्यांच्या वासात वर्षानुवर्षं कुढत पडलो.

यंदा घराला रंग द्यायचा म्हणून पेटी रिकामी केली आणि मी राजकन्येच्या हाती लागलो. ती आता नांदेडला प्राध्यापिका झाली होती. येत्या रविवारी तिला एका शाळेतल्या मुलांपुढं 'माझे आवडते लेखक' या विषयावर बोलायचं होतं. तिनं मला छातीशी धरलं आणि मी जुन्या तोऱ्यानं फुगलो. तिनं धोंड्याचं पान उघडलं, वाचलं. गाडी शोधत ती पानं मागंपुढं उलटत राहिली. ज्या लेखकाचे तिनं आयुष्यभर गोडवे गायले, त्यानं तिच्याच लोकांना लिंबाला बांधून वर पोरांना हसवलं होतं.

"आबा, ह्याच्यात गाडी न्हाई," ती कशीबशी म्हणाली.

मारोतीनं चष्मा काढला. "कदीच नव्हती, बाई. धोंड्या आपल्यातला. तुला मांडीवर घिऊन ते कसं वाचावं?"

रविवारी मुलांपुढं कोणत्या तोंडानं उभी राहू, असं म्हणत तिनं ते पान मुठीत धरून ओढलं. माझा दोरा करकरला. खरं सांगू, मलाही ते पान त्या घडीला नकोसं झालं होतं. त्यातलं अक्षर न् अक्षर मला पाठ होतं, पण ते कुणाच्या वर्मी बसतं हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मारोतीनं तिचा हात धरला. "फाडू नको. फाडलंस तर त्यानं लिवलंच नव्हतं, असं हुईल."

रविवारी राजकन्येनं मुलांना ते पान जसंच्या तसं वाचून दाखवलं. मग तिनं सांगितलं, की तिचे आवडते लेखक मागच्या रांगेत बसले आहेत आणि त्यांचं एकही पुस्तक छापलेलं नाही. मारोती लाजत पुढं आला. मी तिच्या हातात मिटून पडलो होतो आणि मुलं धोंड्याच्या गाडीची गोष्ट ऐकत होती.

मित्रांनो, आम्हा पुस्तकांना जपा. माझा दोरा शिवा, मला कागदाचं कव्हर घाला, वाळवी लागू देऊ नका. पण जपाल तर मला त्या पानासकट जपा.