आत्याच्या हातात मूल द्यायचं नाही

नोकरीतून निवृत्त झाल्यावर तिच्या नवऱ्याने घराण्याचा इतिहास लिहायला घेतला. तिच्या मते इतिहासावर याहून वाईट दिवस कधी आले नव्हते. घरात सगळे त्याला इतिहासाचार्य म्हणत आणि तो ते कौतुकच समजे. त्याला हवे असत अपमृत्यू. पुरात वाहून गेलेला एक चुलत पणजोबा सापडला, त्या दिवशी स्वारी लग्न जमल्यासारखी खुशीत घरी आली. साथीत गेलेल्या दोघी बहिणींवर तर त्याने अख्खं प्रकरण बेतलं. "वाचक रडला पाहिजे," तो म्हणे. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातात म्हणतात, ते तिला आता रोज बघायला मिळत होतं.

जुनं लपेटेदार अक्षर त्याला लागत नसे, म्हणून नगरपालिकेच्या दप्तरखान्यात तीही जाई. ती वाचायची, तो उतरवून घ्यायचा, आणि वर तिलाच ऐकवायचा, "संशोधन म्हणजे तपश्चर्या."

एके दिवशी त्याच्या धाकट्या काकाच्या मृत्यूची चौकशी हाती लागली. हा काका दीड वर्षाचा असताना अंगणातल्या हौदात बुडाला होता. गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती: त्याची आत्या, म्हणजे या बाळाची मोठी बहीण, तेव्हा आठ वर्षांची, तिने त्याला काठावर बसवलं आणि ही खेळायला पळाली. तेव्हापासून या घरात एक कायदा झाला, आत्याच्या हातात मूल द्यायचं नाही. दुपटी धुवायला आत्या, जागरणाला आत्या, गाणं म्हणायलाही आत्याच, पण हातभर लांबून. तीन पिढ्या वाढवल्या तिने, एकाही बाळाला न उचलता.

तिने नवऱ्याला आजेसासऱ्यांचा जबाब वाचून दाखवला. 'मूल माझ्यापाशी होते. वर्तमानपत्र वाचता वाचता मला डोळा लागला. मोठी मुलगी शाळेत होती, तिला मागाहून बोलावून आणले.' खाली त्यांची झोकदार सही होती.

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" ती म्हणाली.

इतिहासाचार्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "हे नको घ्यायला. मुखपृष्ठावर आजोबांचाच फोटो आहे."

"आणि आत्या?"

"तिचं काय आता? ऐंशी उलटली. कधी काही बोलली का ती?"

इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाची किळस येऊ शकते, हे तिला तेव्हा कळलं. दप्तर मिटून ती त्याच्या पुढेच घरी निघाली.

घरी लेकीचं बाळ नुकतंच जागं झालं होतं. तिने त्याला उचललं आणि खिडकीशी दुपट्यांच्या घड्या घालत बसलेल्या आत्याच्या मांडीवर नेऊन ठेवलं. आत्याने चटका बसल्यासारखे हात वर घेतले.

"अगं, वेड लागलं का तुला? उचल त्याला!"

"आत्या, तुम्ही त्या दिवशी शाळेत होतात. भाऊ तुमच्या वडिलांजवळ होता. त्यांना झोप लागली. आज दप्तरखान्यात आम्ही दोघांनी वाचलं, त्यांनी स्वतः सांगून सही केलीय."

आत्याने मान हलवली. "असं कसं होईल? मला आठवतंय ना गं. ओलं झबलं होतं. या हातातून निसटलं."

आठ वर्षांच्या पोरीच्या हातात या घराने नसलेली आठवणसुद्धा कोंबली होती.

"सांगून सांगून आठवायला लागलं ते तुम्हाला," ती म्हणाली. "तुम्ही तिथे नव्हतातच."

आत्याचे हात हळूहळू खाली आले. एक बाळाच्या मानेखाली गेला, दुसरा पाठीशी. बाळाने तिचा अंगठा धरला.

तेवढ्यात चपला काढून इतिहासाचार्य आत आले आणि दारातूनच ओरडले, "अगं, आत्याकडे कोणी दिलं त्याला? पाडेल ती!"

सवयीने आत्याचे हात बाळाला परत द्यायला पुढे झालेच. मग ते मध्येच थांबले. तिने बाळाला छातीशी घेतलं आणि भाच्याकडे पाहिलं.

"तू ऐकलंयस ना रे, काय लिहिलंय ते?" तिने विचारलं. "आणि तरी?"