शुक्रवारपर्यंतची रजा

फेन्नाने बॅग दाराशी आणली आणि तिची चेन ओढता ओढताच सांगून टाकलं.

"बाबा, माझी रजा आज संपते."

सोमवार होता. कोटाच्या आतल्या खिशात रोजगार कचेरीचं पत्र होतं आणि त्यावर स्वच्छ अक्षरांत शुक्रवारची तारीख होती.

"रजा!" खिडकीशी बसलेले ओक्को हसले, मग खोकले. "कामच नाही, तर रजा कशापासून? झोपेपासून?"

नऊ दिवस हाच विनोद चालला होता. पोस्टमनला ऐकवून झाला, सुजलेल्या पायांना पट्ट्या बांधायला येणाऱ्या नर्सलाही. फेन्नाचं वाचनालय मार्चमध्ये बंद झालं. तेव्हापासून ती बेकारभत्त्यावर होती, आणि भत्ता चालू असेतो कचेरीच्या परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, मग आजारी बापाकडे जायचं असलं तरी. हे तिने आल्या दिवशीच समजावलं होतं. त्यावर बाबांनी जहाजाच्या कारखान्यातल्या आपल्या एकेचाळीस वर्षांचा विषय काढला होता. एक दिवस कुणापुढे हात पसरला नाही, म्हणाले होते.

टेबलावर तिचा एकच कप चहा झाला होता. दुसरा ओतायला त्यांनी किटली उचलली.

"गाडी चुकेल," फेन्ना म्हणाली आणि चमचा कपात उभा ठेवला. या भागात चमचा कपात ठेवला म्हणजे आणखी चहा नको. पण तिसऱ्या कपाआधी तो कुणी ठेवत नाही. घरच्या माणसाने तर नाहीच.

बाबा त्या चमच्याकडे बघत राहिले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दोन दिवस वाढवून मिळत नाहीत का?"

असं त्यांनी तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. तिचा हात कोटाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"नियम आहे, बाबा."

"मग जा. नाहीतर लोक म्हणतील, ओक्कोची पोरगी फुकटचं खाते आणि वर सुट्ट्याही मारते."

या एका वाक्याच्या बळावर ती मागे न बघता बसथांब्यापर्यंत गेली.

कासेलला, स्वतःच्या खोलीत परतल्यावर तिने तीन दिवस काहीच केलं नाही. एक पुस्तक उघडलं, तेच पान वाचत राहिली. गुरुवारी सकाळी थेडाआत्याचा फोन आला. अंत्यविधीसाठी कचेरीने परवानगी दिली, एका फोनवर.

रिवाजाप्रमाणे शेजाऱ्यांनी शवपेटी खांद्यावर नेली. मग चर्चमागच्या दालनात चहा झाला. शेजारचा मेन्नो केकचा तुकडा हातात धरूनच बोलत होता.

"त्या कचेरीवाल्यांचं वाटोळं होवो. माणूस मरायला टेकलाय आणि त्याच्या पोरीला दोन दिवस राहू देत नाहीत!"

सगळ्यांनी माना हलवल्या. कुणीतरी फेन्नाच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो राहू दिला.

थेडाआत्या खुर्ची ओढून जवळ बसली.

"तुला सांगू नको म्हणाला होता. पण आता कोण रागावणार? तू गेलीस ना, दुसऱ्या दिवशी मला बोलावणं. म्हणाला, थेडा, तुझं अक्षर बरंय, अर्ज लिही."

"कसला अर्ज?"

"कचेरीला. माझ्या मुलीला आणखी दोन दिवस द्यावेत ही नम्र विनंती. नम्र हा शब्द त्यानेच घालायला लावला. मी म्हटलं, ओक्को, तू आणि नम्र? तर खेकसला, लिही म्हणतो ना! आणि सही करायच्या आधी सदरा बदलला, बाई. धुतलेला घातला. फोटो काढायचाय का म्हटलं, तर कॉलर नीट करत बसला."

"उत्तर आलं?" मेन्नोने विचारलं.

"कुठलं? बुधवारी दिवसभर दाराकडे डोळे लावून होता. पोस्टमनला दोनदा हाक मारली."

"येणार नाहीच. दगड आहेत ते दगड."

फेन्नाने कप खाली ठेवला. पाठीवरचा हात बाजूला केला.

"आत्या, माझी रजा शुक्रवारपर्यंत होती."

मेन्नो चावायचा थांबला. आत्याला बहुधा नीट कळलं नव्हतं. ती अजून हसऱ्या, ओल्या डोळ्यांनी बघत होती.

"कचेरीने दिली होती," फेन्ना टेबलाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मलाच तिथे राहायचं नव्हतं."